हाताबाहेर गेलेली मुलं: घरीच सांभाळायची, की छोट्या निवासी घरात?

अश्विनी_पुणे
नात्यातल्याच घरची गोष्ट आहे, म्हणून तपशील मोघम ठेवते. मुलगा पंधरा वर्षांचा. मोबाइल काढून घेतला म्हणून त्याने मिक्सरचं भांडं आईच्या अंगावर भिरकावलं. शाळेने दाखला घेऊन जा म्हणून सांगितलंय. धाकटी बहीण रात्री आतून कडी लावून झोपते. गोळ्या सुरू आहेत, समुपदेशनही सुरू आहे. पण आठवड्यातला पाऊण तास मॅडमसमोर आणि बाकी सगळा वेळ घरात, त्याच भांडणात!

आई-वडील विचारतायत, याला ठेवायचं कुठे? बालगृह निराधार मुलांचं, निरीक्षणगृह गुन्ह्यात सापडलेल्यांचं, मनोरुग्णालय आजार बळावला तर. हा यातल्या कशातच बसत नाही.

माझं मत, सहा-आठ मुलांची छोटी घरं हवीत. अमेरिकेत कॅन्ससमध्ये १९६७ साली 'अचीव्हमेंट प्लेस' नावाचं असं घर निघालं. प्रशिक्षित जोडपं मुलांसोबत राहायचं, मुलं गावातल्या नेहमीच्या शाळेत जायची, वागणुकीवर गुण मिळायचे आणि शनिवार-रविवार आपापल्या घरी. आपल्याकडे असं काही निघालं तर 'पोराला टाकलं' म्हणून नाकं मुरडू नयेत.

खमंग_भडंग
आमच्या वेळी दोन कानाखाली बसल्या की पोरगं सुतासारखं सरळ व्हायचं. आता सगळ्याचा आजार करून ठेवलाय.

रेवा_स
@खमंग_भडंग, मार खाऊनच तो मारायला शिकला नसेल कशावरून?

अश्विनी, मी बालगृहात समुपदेशक होते, म्हणून विरोधात लिहिते. पन्नास मुलांमागे एक समुपदेशक, आणि त्यातलं अर्धं काम फायली भरण्याचं. पण खरी अडचण कर्मचाऱ्यांची नाहीच, मुलांच्या आपसातल्या जगाची आहे. नवा मुलगा आला, की कोणत्या शब्दाला तो पेटतो हे चार दिवसांत अख्ख्या हॉलला कळतं. मग रात्री दिवे गेले की कुणीतरी हळूच त्याच्या बापाचं नाव घेतं. तो उठून धावतो, बाकीचे हसतात. सकाळी वहीत नोंद कुणाची? त्याचीच. अशा दोन-चार नोंदी झाल्या की 'अन्य संस्थेत बदलीची शिफारस', आणि तिथे पहिल्यापासून तोच खेळ.

१९९९ साली डिशियन, मॅककॉर्ड आणि पुलिन या संशोधकांनी नेमकं हेच मांडलं होतं. बिघडलेल्या किशोरवयीन मुलांचे गट करून उपचार केले की कधीकधी वागणं आणखी बिघडतं, कारण वाह्यातपणाला सोबत्यांचं हसू हे बक्षीस मिळतं.

अश्विनी_पुणे
पन्नासांच्या हॉलवरून सहांच्या घराचा निकाल कसा लावता? मी हॉल मागतच नाहीये.

रेवा_स
मग कॅन्ससची पुढची गोष्टही सांगा की. त्या पद्धतीच्या घरांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की मुलं घरात असेपर्यंत गुन्हे कमी होतात, बाहेर पडल्यावर इतर संस्थांमधल्या मुलांत आणि त्यांच्यात फारसा फरक उरत नाही. उलट अमेरिकेतल्याच ऑरेगॉनमध्ये एका प्रशिक्षित कुटुंबात एकच मुलगा ठेवायचा आणि त्याच वेळी त्याच्या आई-वडिलांनाही शिकवायचं, असं करून पाहिलं. १९९८ च्या अहवालात अशा मुलांच्या अटका गट-घरातल्या मुलांपेक्षा कमी भरल्या. मुलगा ज्या घरात परतणार ते घर बदललं नाही, तर सगळं मुसळ केरात.

सांगलीकर७
ताई, हे ऑरेगॉनला ठीक. मिक्सरचं भांडं फेकणारा पंधरा वर्षांचा परका मुलगा सांगलीत कोण घरात घेईल? प्रतिपालकत्वासाठी, म्हणजे परक्या मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळण्यासाठी, सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४,००० रुपये आहेत. तेवढ्यात त्याचं खाणं-पिणं आणि शाळाच भागायची नाही, वरून फुटलेलं भांडं वेगळं.

अॅड_कुलकर्णी
थोडं कायद्याचं, कारण धाग्यावर 'ठेवायचं' हा शब्द फार सहज वापरला जातोय. आई-वडील आपल्या मनाने मुलाला बालगृहात ठेवू शकत नाहीत. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे आदेश बालकल्याण समिती देते, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या तत्त्वांतच आहे.

दुसरं, 'बिघडलेली मुलं सुधारून देतो' म्हणणाऱ्या खाजगी केंद्रांपासून सांभाळा. अशी मुलं ठेवणारी संस्था कलम ४१ खाली नोंदलेली हवी. नसेल तर चालवणाऱ्याला कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. उपचारांसाठी दाखल करायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू होतो. अल्पवयीन मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, दाखल केल्याचं ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. नोंदणीचा कागद मागितला आणि समोरचा कावराबावरा झाला, तर मुलाचा हात धरून तिथूनच परत फिरा. आणि @खमंग_भडंग, संस्थेतल्या माणसाने शिस्तीच्या नावाखाली 'दोन कानाखाली' दिल्या तर बाल न्याय कायद्याचं कलम ८२ आहे. पहिल्या खेपेला दहा हजार दंड.

खमंग_भडंग
घरी दिल्या तर?

अॅड_कुलकर्णी
मुलाला क्रूर वागणूक दिली तर कलम ७५ पालकांनाही लागतं. विषय संपवूया.

न्यूजर्सीचा_नाना
इथला, अमेरिकेतला अनुभव दोन्ही बाजूंना टोचेल. २०१८ मध्ये फॅमिली फर्स्ट कायदा आला. विशेष उपचारांची सोय नसेल तर गट-घराला केंद्राचा पैसा दोन आठवड्यांनंतर बंद. उद्देश चांगलाच होता, पण मोठ्या वयाच्या अवघड मुलांना घ्यायला कुटुंबं पुरेनात. काही राज्यांत मुलं बालकल्याण खात्याच्या ऑफिसात आणि हॉटेलांत झोपल्याच्या बातम्या आल्या. पर्याय उभा न करता घरं बंद करू नका, एवढंच म्हणतो. आणि पर्याय आपोआप उभा राहत नाही हेही बघितलंय.

वैशाली_म
मी अशाच मुलाची आई आहे. सगळे मुलाबद्दल बोलताय. कडी लावून झोपणाऱ्या त्या मुलीचं काय? तिच्या दहावीचं काय? मला संस्था नको होती, मला पंधरा दिवस हवे होते. झोप काढायला, नवऱ्याशी भांडण न होता बोलायला, लेकीला घेऊन आजोळी जाऊन यायला. असं कुणी देतच नाही. एक तर आयुष्यभर सांभाळा, नाहीतर हात झटका.

रेवा_स
वैशालीताई, याला माझा विरोध नाही. थोड्या दिवसांची जागा, आणि त्या दिवसांत आई-वडिलांबरोबरही काम, हे मला पटतं. अट एकच. परतीची तारीख नेण्याआधीच मुलाला सांगायची, आणि ती पाळायची. हॉलमध्ये सगळ्यात जास्त राडा कोण घालायचं माहितीये? 'दिवाळीला नेतो' म्हणून घरचे फिरकलेच नाहीत, ती मुलं.

तोवर अश्विनी, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आई-वडिलांसाठीही आहे, मराठीत बोलतात. तुमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातही एकदा जाऊन या. पोराला सोबत न नेता.

सांगलीकर७
कक्षात जाताना डबा घेऊन जा. साहेब नेहमी मीटिंगलाच असतात.

अश्विनी_पुणे
तारीख मान्य. पंधरा दिवस मान्य. आई-वडील दर शनिवारी शिकायला येतील, तेही मान्य. आता अशा अटींवर पंधरा वर्षांचा मुलगा घेणारी नोंदणीकृत जागा कुणाला माहीत असेल तर सांगा. पुणे, सातारा, कोल्हापूर, कुठलीही चालेल.