मदत हवी आहे: द्राक्षाच्या यीस्ट टू-हायब्रिडमधल्या खोट्या जोड्या कशा गाळायच्या?

नमस्कार मंडळी. यीस्ट टू-हायब्रिड म्हणजे दोन प्रथिनं एकमेकांशी जुळतात का, हे यीस्टच्या पेशीत तपासायची पद्धत; जुळली तर यीस्ट निवडीच्या प्लेटवर वाढतं. नाशिकच्या थॉमसन सीडलेसच्या पानांची सीडीएनए लायब्ररी (पानांतल्या आरएनएवरून बनवलेल्या डीएनए तुकड्यांचा संग्रह) आहे. केवड्याच्या (डाउनी मिल्ड्यू रोगाच्या) प्रतिकारातलं एक प्रथिन कोणाकोणाशी जुळतं, ते शोधायचंय. बेट (हे आपलं प्रथिन) पीजीबीकेटी७ या प्लाझ्मिडमध्ये, प्रे (लायब्ररीतली प्रथिनं) पीजीएडीटी७ मध्ये. मेटिंगनंतर (दोन्ही यीस्टच्या मीलनानंतर) ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर ३० अंशांना निवड; बेट एकटाही थोडा वाढतो, म्हणून ती वाढ दाबायला ५ मिलिमोलर थ्री-एटी हे रसायन. सगळ्या कॉलन्या एकत्र खरवडून प्लाझ्मिड, मग प्रे-इन्सर्टचं (प्रेमध्ये घातलेल्या डीएनए तुकड्याचं) पीसीआर, इल्युमिनावर १५० बेसचे पेअर्ड रीड (दोन्ही टोकांकडून वाचलेले क्रम).

यादीत वर येतात ती क्लोरोफिल बांधणारी आणि रायबोसोमची प्रथिनं. हिस्टिडिन असलेल्या प्लेटशी तुलना करूनही ती हटत नाहीत. शिवाय छोटे इन्सर्ट पीसीआरमध्ये पुढे जातात, म्हणून रीडची संख्या म्हणजे जोडीची ताकद असं धरणं मला पटत नाही.

रिकाम्या बेटचा कंट्रोल प्रत्येक बॅचला वेगळा चालवता का? व्हेक्टर (वाहक प्लाझ्मिड) आणि इन्सर्टच्या सांध्यावरच्या रीडवरून रीडिंग फ्रेम (तीन-तीन बेसचे गट कुठून धरायचे ते) कळते; फ्रेमबाहेरचे तुकडे सरसकट टाकावेत, की यीस्टमध्ये फ्रेमशिफ्ट होते म्हणून काही ठेवावेत? आणि सगळे रीड त्याच व्हेक्टर-क्रमाने सुरू होतात, तेव्हा बेसकॉलिंग बिघडू नये म्हणून फायएक्स (वैविध्यासाठी मिसळायचा प्रमाणित डीएनए) किती टक्के मिसळता, की प्रायमरलाच ० ते ३ जादा बेस जोडता?