जंतांवरची लस कुठे मिळेल? (अर्जंट)

डफळापूरकर: जंताच्या औषधानं आता काही फरक पडेना. पाजलं की चार दिवस बरं, परत तेच. खाणं आहे पण अंगाला लागत नाही, रक्त तर नाहीच अंगात. जंतांवर लस निघालीय असं व्हॉट्सॲपवर वाचलं. सांगली-मिरजेत कुठं मिळते, डोस केवढ्याला? लहानमोठी मिळून पंचवीसेक आहेत. माहीत असेल त्यांनीच लिहा.

मिरजेची ताई: एवढी मुलं? आश्रमशाळा आहे का तुमची? आतड्यातल्या जंतांवर माणसांसाठी लस अजून बाजारात नाही. हुकवर्मच्या लसीच्या चाचण्या माणसांवर झाल्यात, पण अजून तेवढंच. १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाला शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी. आधी हिमोग्लोबिन बघून घ्या.

डफळापूरकर: मुलं कुठनं आली ताई? मेंढरं हायत. माडग्याळ जातीची.

मिरजेची ताई: मग तसं लिहायचं ना!

कृष्णाकाठ: पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, वाटून गुळातनं द्या. आमच्या आज्यापासनं हेच चालतंय. कंपन्यांची औषधं म्हणजे नुसता खर्च.

निवृत्त पशुवैद्य: पळसपापडी राहू द्या बाजूला. डफळापूरकर, कोणतं औषध, किती मिली, आणि वजन करून पाजलं की अंदाजानं? जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आहे का? खालची पापणी उलटून बघा, आतला रंग लाल आहे, गुलाबी आहे की पांढरट?

खटावचा: लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते की. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही टोचून घेतो.

निवृत्त पशुवैद्य: ती आंत्रविषाराची. तो रोग जिवाणूंचा, त्या लसीचा जंतांशी काही संबंध नाही.

डफळापूरकर: पापणी पांढरी फटक. दोघींच्या जबड्याखाली सूज हाय. औषध अल्बेंडाझोलच, दर बारीला. माप बाटलीच्या टोपणाचं, सगळ्यांना सारखं. लसीचं सांगा की.

विज्ञानवेडा: लस आहे, बार्बरव्हॅक्स. स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेतलं संशोधन, ऑस्ट्रेलियात २०१४ ला बाजारात आली. हिमोंकस नावाचा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो. लसीत त्याच्याच आतड्याच्या अस्तरातली प्रथिनं असतात. त्यांच्याविरुद्ध मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. जंत रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात आणि त्याचं पचनच बंद पाडतात. भारी डोकं लावलंय!

निवृत्त पशुवैद्य: पुढचंही सांगा. एरवी मेंढीची त्या प्रथिनाशी गाठच पडत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती आपोआप ताजी होत नाही. कोकरांना सुरुवातीला तीन डोस, मग हंगामभर दर सहा आठवड्यांनी टोचा. शिवाय ती आपल्याकडे विक्रीला नाही. डफळापूरच्या माणसाला तिचा काय उपयोग?

विज्ञानवेडा: सर, पण निसर्गतः प्रतिकारशक्ती येतेच ना? आतड्यातल्या टफ्ट पेशी जंत ओळखतात, इशारा देतात, मग चिकट श्लेष्मा वाढतो, रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावतात…

निवृत्त पशुवैद्य: येते, पण उशिरा आणि अर्धवट. पाच-सहा महिन्यांखालच्या कोकरांत ती जवळपास नसतेच. मेंढी व्यायच्या सुमाराला तिचीही ढिली पडते आणि लेंडीतली अंडी एकदम वाढतात. एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. रान तिथूनच भरतं.

डफळापूरकर, तुमच्याकडच्या जंतांना ते औषध पचायला लागलंय, असा माझा दाट संशय. एकच औषध, तेही कमी मापात, मग जगतात ते जंत दांडगे. सुजलेल्या दोघींना आजच डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी पाजायच्या दिवशी आणि १४ दिवसांनी अशा दोनदा त्याच मेंढरांच्या लेंड्या तपासा. अंडी ९५ टक्क्यांनी उतरली नाहीत तर औषधाचा गट बदलायचा, तोही डॉक्टरांना विचारून. माप सर्वात जड जनावराच्या वजनावर धरा. सगळ्यांना सरसकट पाजू नका, पापणी पांढरी असेल त्यालाच. आणि गाभण असतील तर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको.

कृष्णाकाठ: म्हणजे औषधानंच वाटोळं झालं. मी काय वेगळं म्हणत होतो?

निवृत्त पशुवैद्य: माप चुकलं म्हणून झालं. पळसपापडीचं माप कोण सांगणार, तुम्ही?

डफळापूरकर: लेंड्या कशात न्यायच्या? किती लागतात?

निवृत्त पशुवैद्य: जमिनीवरची उचलू नका, थेट गुदद्वारातून ताजी घ्या. प्रत्येक जनावराच्या मूठभर, वेगळ्या पिशवीत, हवा काढून गाठ मारून. त्याच दिवशी पोचवा, नाहीतर अंडी फुटतात. पिशवीवर जनावराची खूण लिहा.

आटपाडी बाजार: माडग्याळ नर आहे का विकायला? नाकाचा बाक दिसेल असा फोटो टाका.