देव चांगला, धर्म चांगला, मग वाईट तेवढी माणसंच कशी?

निपाणीची_वखार
परवा पावण्यांकडं वास्तुशांती होती, जेवणं झाल्यावर गप्पा निघाल्या आणि आमचे मामा म्हणाले "धर्म कधी वाईट नसतो, माणसं वाईट असतात". सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण डोलावली, पण घरी येईपर्यंत गाडीवर डोक्यात तेच.
माझ्या आत्याला लहानपणी जट आली. म्हणजे केसांचा गुंता झाला, तेलपाणी नव्हतं, दुसरं काय नाही. पण परडीवाली, म्हणजे जोगतीण, दारात आली, यल्लम्मा देवीची हाक हाय म्हणाली, आणि आज्ज्यानं तिला सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात नेऊन देवाला सोडली, म्हणजे देवदासी केली. नऊ वर्षाची पोर, गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची मण्यांची माळ, बांधलं. पुढचं इकडच्या माणसाला सांगायला नको, झुलवा, म्हणजे सोडलेल्या पोरीला लग्नाशिवाय कुणा पुरुषाकडं ठेवायचं, ते सगळ्यांना ठाऊक हाय.
आता यात वाईट माणूस दाखवा मला. आज्जा? तो घाबरलेला गरीब माणूस, घरावर कोप नको म्हणून केलं. दुष्ट कोणीच सापडत नाही आणि पोरीचं आयुष्य मात्र गेलं. अन्नछत्र चाललं की धर्मानं शिकवलं, पोर सोडली की माणूस चुकला. नफा दुकानाचा आणि तोटा नोकराचा, हा कुठला हिशोब?

टिळकवाडी_काका
गल्लत करतोयस बाळा. गावच्या पाटलाच्या पोरीच्या केसांत गुंता होत नव्हता काय? तिला कुणी सोडली का? मग ते धर्माचं काम नव्हे, सत्तेचं. धर्म फक्त पांघरूण. आणि धर्म काढून टाकला तर माणूस सुधारतो असं पण नाही, स्टालिननं १९३१ ला मॉस्कोतलं भलंमोठं चर्च सुरुंग लावून उडवलं, पाद्री मारले, त्याला कुठल्या देवानं सांगितलं होतं? उलट आपल्याच मुलखात बसवण्णा, म्हणजे महात्मा बसवेश्वर, झाले. १२ व्या शतकात चांभार हरळय्याच्या पोराचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या पोरीशी लागलं, दोन्ही बापांना राजानं मारलं अशी परंपरा सांगते, पण लग्न लावणारे धर्माचेच लोक होते की!

काकती_फाटा
काका, पाटलाच्या पोरीला सोडत नव्हते हे तुम्हीच बोलला, माझं काम सोपं केलं. कुणाची पोर सोडायची हे जातीनं ठरलं, आणि जातीला शिक्का कुणाचा? २० मार्च १९२७ ला महाडला आमची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली, तर नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्र म्हणून तळं शुद्ध केलं. मंत्र म्हणून! त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी कुणा माणसाला नाही जाळलं, पुस्तक जाळलं, मनुस्मृती. चूक नुसती माणसांची असती तर माणसं बदलून भागलं असतं, १९५६ ला धर्म कशाला बदलावा लागला?

चिकोडी_बस्ती
बसवण्णा आले म्हणून लिहितो, एरवी वाचूनच गप्प बसतो. त्याच काळातला एकांतद रामय्या, मोठा शिवभक्त. हावेरीकडं अब्बलूरला सोमेश्वराच्या देवळात त्याची गोष्ट दगडात कोरलीय, त्यानं पैज जिंकून जिनमूर्ती फोडली ती, खाली कन्नड शिलालेख पण हाय. म्हणजे लपवलेलं नाही, अभिमानानं कोरलंय. मी जैन. बघून पोटात कालवाकालव झाली खरी. पण माझा शेजारी शिवभक्त, माझ्या नातीच्या बारशाला पाळणा घेऊन आला, त्याच्याकडं आठशे वर्षांची उधारी मागू काय? धर्मावर दोष टाकला की तो शेवटी शेजाऱ्याच्याच दारात जाऊन पडतो, हे तुम्ही पोरं ध्यानात घेत नाही.

शहापूर_माग
औरंगजेबाचं कोणीच कसं काढेना?

निपाणीची_वखार
काढ की, १६७९ चा जिझिया, मुसलमान नसलेल्यांवरचा कर, लिही, कोण नको म्हणतंय. पण आपल्या घरातली पोर निघाली की दुसऱ्याचं घर दाखवायचं हे नको.

खानापूर_उंडो
मी ख्रिश्चन, घराणं मूळ गोव्याचं. तिकडं १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं, मधली थोडी वर्षं सोडून, आणि त्यात बाटलेल्यांचाच जाच जास्त, घरात जुना रिवाज पाळला म्हणून धरून न्यायचे. आमचे लोक त्याला भिऊन घाट चढले की पोटासाठी, कोणी लिहून ठेवलेलं नाही. मग सांगा, मी माफी मागायची की मला कोणी मागायची? मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल यांनी रोममध्ये क्षमा मागितली, मला बरं वाटलं, पण शब्द नीट बघा, चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांची क्षमा. चर्चची नव्हे. तुमचे मामा आणि पोप एकाच बाकावर 😄
चिकोडीच्या अण्णांचं मला पटतं, शेजाऱ्याला जाब नको. पण संस्थेला पाहिजेच. शेजारी आणि संस्था एक नव्हे.

टिळकवाडी_काका
संस्था म्हण, मग मी पण सही करतो. धर्म म्हणू नको.

निपाणीची_वखार
काका एवढ्यात सही नको. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा १९३४ लाच देवदासीविरुद्ध कायदा झालेला. आत्याला सोडलं १९७१ ला. कर्नाटकाचा कायदा आला १९८२ ला. म्हणजे सोडलं तेव्हा कायदा होता, पोलीस होता, त्याला कोणी भ्यालं नाही. देवीला भ्याले. ही भीती कुठल्या संस्थेनं पावती फाडून दिली नव्हती, ती घरात होती, गाण्यात होती, परडीत होती. त्याला धर्म नाही म्हणायचं तर काय म्हणायचं सांगा.
काल आत्यालाच फोन लावला. म्हणाली, "देवीनं काय मागितलं नव्हतं रं, मागणारी दारात आली होती. ती पण सोडलेलीच होती बिचारी." मग धर्माला दोष देऊ का म्हटलं, तर म्हणाली, "दे की, मी कुठं नको म्हणतो." आणि लगेच, माघाच्या पुनवेला सौंदत्तीला जाणार हाय, बस फुकट हाय पण आधार कार्ड सापडंना, तेवढं येऊन शोधून दे.
रविवारी जातोय.