शिक्षणाच्या नावानं कर भरला, शाळेपर्यंत काय पोचलं? – अनुभव लिहा

धागाकर्ती

यंदा घरपट्टी भरताना बिलाची प्रत्येक ओळ वाचली. सामान्य कराखाली एक नोंद दरवर्षी असते: शिक्षण कर. 1962 च्या कायद्यानं हे पैसे महापालिका आपल्याकडून वसूल करते आणि राज्य सरकारकडे भरते. पगारातून व्यवसाय कर जातो तो वेगळा. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. कर भरण्याबद्दल माझी तक्रार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, म्हणजे कुणाच्या तरी करावरच शिकले.

तक्रार त्यापुढची आहे. पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली, दीड-दोन वर्षांत काढली. सगळ्या राज्याला एक गणवेश ठरवला, वर्षभरात निर्णय फिरवला. पहिलीपासून तिसरी भाषा एप्रिल 2025 मध्ये आली, जूनमध्ये बदलली आणि 29 जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. कागद फिरवता येतो, पण पहिलीचं वर्ष मुलाला एकदाच मिळतं.

ज्यांच्या घरावर, शाळेवर, पगारावर हे येऊन आदळलं त्यांनी लिहा. ऐकीव नको. शाळेचं किंवा साहेबांचं नाव घालू नका, धोरणाबद्दल मात्र मोकळेपणानं लिहा.

बालाघाटातला मास्तर

बीड जिल्ह्यात डोंगरातल्या एका वस्तीवर शिकवतो. पहिली ते चौथी, पट 9. दोन खोल्या, एक लिंब, आणि पावसाळ्यात मधोमध वाहणारा ओढा. 2023 च्या सप्टेंबरात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांचे 'समूह शाळे'साठी प्रस्ताव मागवल्याचं पत्र फिरलं. पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण त्यात होतं. लहान शाळा मोठ्या शाळेत घ्यायच्या, मुलांना गाडीनं न्यायचं. पत्र व्हॉट्सॲपवर वस्तीत माझ्याआधी पोचलं. संध्याकाळी सात-आठ बाया शाळेच्या ओट्यावर येऊन बसल्या. एकच प्रश्न, "सर, आपली शाळा जाणार का?"

मोठी शाळा साडेचार किलोमीटरवर. वस्तीपर्यंत बाराही महिने चालेल असा रस्ता नाही, तर गाडी येणार कुठून? शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय. ते कुणी उगाच लिहिलेलं नाही. सहा वर्षांचं पोर जेवढं चालू शकतं तेवढंच ते अंतर आहे.

माझा पट का घटतो हेही सांगतो. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयत्यावर, ऊसतोडीला निघतात. पोरं मागं ठेवायला आजी नसेल तर पोरंही ट्रॅक्टरवर. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, चांगली आहे, पण आमच्याकडे पैसा येतो तेव्हा निम्मा हंगाम सरलेला असतो. मार्चमध्ये पोरं परत येतात ती पाढे विसरून. मी पुन्हा बे एकं बे पासून धरतो. अशा वस्तीचा पट नुसता आकडा म्हणून बघणाऱ्यानं एकदा नोव्हेंबरात इथं यावं असं मला फार वाटतं.

विरोध झाल्यावर शाळा बंद करणार नाही असं सरकारनं सांगितलं. मग मार्च 2024 मध्ये संच मान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे त्याचे, नवे निकष आले. सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की त्या वर्गांना शिक्षकच मंजूर नाही. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दोन शाळांची धडधड तेव्हापासून सुरू आहे. शाळेला कुलूप न लावताही शाळा बंद करता येते, हे मी माझ्या केंद्रात बघतोय.

शिवणताई (यवतमाळ)

मी बचत गटातली. 2024 ला गणवेशाचं काम आमच्याकडं येणार म्हणून लई आनंद झाला होता. स्काऊट-गाईडचा ड्रेस शिवायला नगामागं 100 रुपये, वरखर्चाला 10. काज-बटण, दोरा, मशीनचं लाईट बिल त्यातच. पोरांची मापं घ्यायला सवडच दिली नाही. कापड आलं तेव्हा जून कधीचा सरला होता. पंधरा ऑगस्टला गावातली पोरं मागच्या वर्षीच्या आखूड ड्रेसात झेंड्याखाली उभी होती. माझी स्वतःची नातही त्यातच.

आधी शाळा समिती गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्यायची. पोरगं समोर उभं राहायचं, टेप लावायचा, झालं. आता निर्णय परत समितीकडं दिला, बरं केलं. पण गटातल्या चौघींनी त्या कामासाठी कर्ज काढून मशिना घेतल्या, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

रिक्षा, पिंपरी-चिंचवड

मुलगी पहिलीत घालायची होती 2024 ला. खाजगी शाळेत 25 टक्के जागा आमच्यासारख्यांच्या असतात, मोठ्या मुलाला तिथंच मिळाली होती. 9 फेब्रुवारीला सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ह्या जागा द्यायची गरज नाही. एप्रिलमध्ये सायबर कॅफेत बसून फॉर्म उघडला तर मोठ्याची शाळा यादीतच नाही. कॅफेवाला म्हणाला, दादा, सगळ्यांचं असंच होतंय.

6 मेला हायकोर्टानं स्थगिती दिली. पुन्हा फॉर्म. सोडत निघाली तरी प्रवेश अडकलेले. 19 जुलैला कोर्टानं तो बदल रद्दच केला, मग कुठं हालचाल. शाळा जूनमध्ये सुरू झाली होती. दादा सकाळी गणवेश घालून निघायचा आणि ही त्याचं जुनं दप्तर पाठीला लावून दारापर्यंत जायची. दीड महिना रोज. मी स्टँडवर गेलो तरी तेच डोळ्यांपुढं.

सरकारची बाजूही सांगतो. सीएनजीवरचा कर 2022 मध्ये साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, त्याचा आम्हाला खरंच आधार झाला. आणि शाळावाले म्हणतात की आमच्यासारख्यांच्या मुलांमागं सरकारनं शाळेला द्यायची 17,670 रुपयांची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते, तेही खोटं नाही. पण थकबाकी सरकारची, मग घरी का बसली माझी पोर?

ऊसकरी

कोल्हापूर जिल्हा. बागायत रानाच्या पावतीत तलाठी शिक्षण कर लावतोय, आमच्या आज्ज्यापासनं भरतोय. गावच्या शाळेचं छप्पर 2019 च्या पुरात गेलं. प्रस्ताव दिला, वाट बघितली, शेवटी गावानं वर्गणी काढली. कुणी पत्रे दिले, कुणी सिमेंट, गवंड्यानं मजुरी घेतली नाही. गावानं करावं, त्याला ना नाही. पण मग कराची पावती कशाची, एवढं कुणीतरी समजून सांगा.

निवृत्त केंद्रप्रमुख

थोडं वेगळं मत मांडते. दोन मुलं आणि एक शिक्षक अशा शाळेत मी तपासणीला गेले आहे. ती मुलं कबड्डी खेळू शकत नव्हती, भांडायलाही तिसरं कुणी नव्हतं. 2017 मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या सुमारे 1,300 शाळा हलवायचं ठरलं तेव्हा काही ठिकाणी मी स्वतः त्या बाजूनं अहवाल दिला. पुढं पाठपुरावा केला तेव्हा कळलं की जिथं गाडी शब्दाप्रमाणे आली तिथं मुलं रमली. जिथं दोन महिन्यांत गाडी बंद झाली तिथं आधी मुलींची नावं हजेरीतून गळली. त्या अहवालांवर माझी सही आहे. आज सही करायची असती तर मी आधी रस्ता आणि गाडी बघितली असती, मगच सही केली असती.

बीएड 1999

विनाअनुदानित माध्यमिक शाळेत 2003 पासून आहे. मान्यतेच्या कागदावर शब्द होता 'कायम विनाअनुदानित', म्हणजे पगाराला सरकारी अनुदान कधीच नाही. तो 'कायम' 2009 मध्ये निघाला, पण पगार निघाला नाही. 2016 मध्ये पगाराला 20 टक्के अनुदान आलं, पुढं 40, मग 2023 ला 60. 2016 च्या आधीची तेरा वर्षं सकाळी दूध घातलं, दुपारी भूमिती शिकवली आणि उन्हाळ्यात लग्नांत वाढपी म्हणून गेलो. एका पंगतीत माझाच दहावीचा विद्यार्थी बसला होता. त्यानं ताट बाजूला ठेवून पाया पडायला वाकावं, तर माझ्या हातात बासुंदीची बादली.

पुढचा टप्पा 2024 च्या ऑक्टोबरात जाहीर झाला, अर्थसंकल्पात तरतूद नाही. म्हणून जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर चिखलात बसलो. मंत्री आले, नेते आले, शब्द दिला. माझ्या शेजारी बसलेल्या सरांची निवृत्ती चार महिन्यांवर होती. ते पूर्ण पगार न बघताच घरी गेले.

माजी शिक्षणसेवक

2012 मध्ये 6,000 मानधनावर लागले, तीन वर्षं. खोलीभाडं आणि एसटी जाऊन घरी पाठवायला काही उरायचं नाही. 2023 पासून 16,000 केलं, चांगलं झालं. अकरा वर्षं लागली.

लातूरची आई

लेकीच्या दाखल्यांसाठी जून 2025 मध्ये प्रतिज्ञापत्र करायला गेले. शंभराचा मुद्रांक आता नाही, पाचशेचाच घ्या म्हणाले. तीन दाखल्यांचे दीड हजार झाले. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांना मुद्रांक शुल्क माफ आहे हे नंतर कळलं, 2004 पासूनच माफ आहे म्हणे. खिडकीवर तशी पाटी नव्हती. आमच्याकडं दीड हजार म्हणजे सोयाबीन खुरपायची पाच दिवसांची मजुरी.

धागाकर्ती

लातूरच्या ताई, तुमचा अनुभव वाचून आमच्या इथल्या सेतू केंद्रात माफीची पाटी लावण्यासाठी अर्ज दिला. पोच घेतली आहे. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या ठिकाणी द्यावा ही विनंती, मजकूर हवा असेल तर पाठवते.

केंद्रप्रमुख ताई, सही आठवून लिहिलंत, मनापासून आभार. मास्तर, यंदा वस्तीवर काय?

बालाघाटातला मास्तर

यंदा पट 11 आहे. दोन मुली वाढल्या, बहिणी आहेत. त्यांची आई काल आली होती, दसऱ्यानंतर दोघं नवरा-बायको कारखान्याला निघणार. म्हणाली, "शाळा असंल तर आजीपाशी ठेवते, नसंल तर संगं नेते. सांगा." मी असंल म्हणालो.