मदत हवी आहे : स्कॉटिश बॉनेटवर (लोकरी टोपीवर) चांदीचा कुलचिन्हाचा बिल्ला कसा लावावा?

नमस्कार.

माझा मुलगा ग्लासगो येथे नोकरी करतो. येत्या उन्हाळ्यात त्याचे लग्न स्काय बेटावरील पोर्ट्री येथे आहे. मुलीकडची मंडळी मॅक्लाउड कुळातली असून तिच्या वडिलांनी साखरपुड्यात आपल्या आजोबांचा चांदीचा बिल्ला त्याच्या हाती दिला आणि लग्नाच्या दिवशी तो बॉनेटवर लावावा, अशी इच्छा व्यक्त केली. मी पुण्यात असल्याने बिल्ला फोटोंतच पाहिला आहे. मध्यभागी समोर रोखून पाहणारे बैलाचे मुख आहे, दोन्ही बाजूंना एकेक निशाण आहे आणि सभोवती गोलाकार पट्टा आहे. पट्ट्यावर ‘होल्ड फास्ट’ ही अक्षरे कोरलेली असून त्याचे बक्कल खालच्या अंगाला आहे. मागे एडिंबराच्या किल्ल्याचा आणि थिसलच्या काटेरी फुलाचा छाप दिसतो.

माझी मुख्य अडचण अधिकाराची आहे. मुलगा जन्माने त्या कुळातला नाही. सासरेबुवांनी मायेने दिले हे खरे, परंतु कुलप्रमुखाचे चिन्ह परक्याने डोक्यावर मिरवले असे लग्नाला आलेल्या वडीलधाऱ्यांना वाटू नये, ही काळजी मनातून जात नाही. तिथल्या रिवाजाला धरून हे योग्य आहे का?

दुसरे असे, की त्याने घेतलेल्या बालमोरल बॉनेटवर (गोल, सपाट घेराच्या टोपीवर) दुकानदाराने पांढऱ्या फितीचे फूल आणि त्यामागे एक पीस लावून दिले आहे. दिसायला ते देखणे आहे, पण ते तसेच ठेवावे का? शिवाय बिल्ला बराच काळवंडला आहे. आमच्याकडे चांदीची भांडी रांगोळीने घासतात. तसे केले तर चालेल का? आणि आपल्या पद्धतीच्या विधीला तो फेटा बांधणार आहे, तेव्हा हाच बिल्ला फेट्यावर लावावा अशी घरात सूचना आली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, अभिनंदन. मी डंडी येथे राहतो आणि इथल्या लग्नांत, हायलँड गेम्समध्ये हे बिल्ले नेहमी पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या पट्ट्यातच आहे. बैलाचे मुख हे डनव्हेगनच्या, म्हणजे मॅक्लाउडांच्या स्कायवरील किल्ल्याच्या, कुलप्रमुखाचे चिन्ह आहे आणि ते त्यांचेच राहते; पण त्याभोवती पट्टा व बक्कल आले, की लावणारा ‘हे चिन्ह माझे’ असे म्हणत नाही, ‘मी या प्रमुखाच्या माणसांपैकी’ असे म्हणतो. पूर्वी प्रमुख आपल्या अनुयायांना चिन्हाची धातूची चकती देत आणि ती पट्ट्याने बांधली जाई, अशी या घडणीची परंपरागत हकिकत सांगतात. पट्ट्याऐवजी साधे कडे असते तर गोष्ट वेगळी होती, कारण तशा कड्यातले चिन्ह प्रमुखाने किंवा ज्याच्या नावे स्वतःचे कुलचिन्ह नोंदलेले आहे त्यानेच लावायचे असते. स्कॉटलंडमध्ये हा केवळ शिष्टाचाराचा विषय नाही. एडिंबरा येथील लॉर्ड लायन (कुलचिन्हांचे सरकारी अधिकारी) यांचे न्यायालय हे पाहते आणि १६७२ च्या कायद्यापासून अशा चिन्हांची सार्वजनिक नोंदवही ठेवली जाते. तुमच्या मुलाचा बिल्ला पट्ट्याचा आहे, तो कुळातल्या घरात सोयरीक करतो आहे आणि घरच्या कर्त्या माणसाने तो स्वतः दिला आहे. त्याने तो निःशंक लावावा. निष्ठा मनापासून मानणाऱ्याला कुळात सामावून घेण्याची तिथे जुनी रीत आहे. मला तर वाटते, की त्याने तो न लावल्यासच सासरेबुवांना अधिक वाईट वाटेल.

पीस मात्र आजच काढायला सांगा. बॉनेटवरचे गरुडाचे पीस ही शोभा नसून दर्जाची खूण आहे : प्रमुखाला तीन, शाखाप्रमुखाला दोन आणि नोंदलेले चिन्ह असणाऱ्याला एक. दुकानदाराने अजाणता लावले असेल, पण वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपेल ते हेच.

पांढऱ्या फितीचेही तसेच. ती १७४५ च्या उठावातल्या, पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला गादीवर आणू पाहणाऱ्या जॅकोबाइट पक्षाची खूण आहे, आणि त्या वर्षी डनव्हेगनचे प्रमुख नॉर्मन मॅक्लाउड सरकारच्या बाजूने राहिले होते. रासे बेटावरचे मॅक्लाउड मात्र त्या घराण्याच्या राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने लढले, त्यामुळे एकाच आडनावाच्या मंडळींत या पांढऱ्या फुलाबद्दल भावना वेगवेगळ्या असू शकतात. काळी रेशमी फीत लावावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

बिल्ला नेहमी डाव्या बाजूला, डाव्या कानशिलाच्या किंचित पुढे, सरळ उभा बसवावा. बालमोरलचा घेर उजवीकडे ओढून घेतात तो त्यासाठीच, म्हणजे डावी बाजू मोकळी राहते. जुन्या चांदीला वजन असते आणि एकट्या लोकरीवर ती पुढे झुकते. म्हणून टाचणी फितीतून आणि पट्टीतून नेऊन आतल्या बाजूस चामड्याचा छोटा तुकडा द्यावा. आत शिरल्यावर पुरुष बॉनेट काढून हातात धरतात, त्यामुळे प्रत्यक्ष विधीत बिल्ला डोक्यावर नसेल, हे फोटो काढणाऱ्याला आधी सांगून ठेवावे.

रांगोळी अजिबात नको. ती खरखरीत असते आणि कोरीव अक्षरांच्या कडा झिजवते. मऊ सुती कापडाने उंचवटे तेवढे पुसावेत. बैलाच्या डोळ्यांभोवती आणि अक्षरांच्या खाचांत साचलेला काळेपणा राहू द्यावा, त्यानेच चित्र उठून दिसते. चांदीची शुद्धता तपासल्याच्या एडिंबराच्या छापात १९७५ पासून थिसलच्या जागी सिंह आला, म्हणजे तुमचा बिल्ला त्याआधीचा आहे. मागचे छाप पुसट होतील इतके घासणे म्हणजे त्याची ओळख घालवणे होय.

फेट्यावर मात्र लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेट्याला आपला शिरपेच शोभतो.

धागाकर्तीचा प्रतिप्रश्न

मनापासून आभार. पीस आणि पांढरी फीत काढायला मुलाला कळवले आहे. आणखी एक विचारते : सुनेकडेही असाच लहान बिल्ला आहे. तिने तो कुठे लावावा?

प्रतिसाद

स्त्रिया तो खांद्यावर, टार्टनच्या (कुळाच्या चौकडी कापडाच्या) उपरण्यावर पिनेसारखा लावतात. उपरणे मॅक्लाउड टार्टनचे असेल तर डनव्हेगनच्या शाखेचे आहे ना, एवढे तिच्या आईकडून पक्के करून घ्या. लुइस बेटाच्या मॅक्लाउड शाखेचे टार्टन वेगळे, पिवळ्याधमक रंगाचे असते आणि त्या शाखेच्या बिल्ल्यावर बैलाऐवजी सूर्य असतो.