मदत हवी आहे: जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर टेन्स मशीन कितपत उपयोगी? (अमळनेर-धुळे भाग)

नमस्कार मंडळी,

प्रश्न बायकोसाठी विचारतोय. ती अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, म्हणजे दिवसभर तोंड चालू (हे मी नाही, तीच म्हणते). दिवाळीपासून उजव्या कानापुढे दुखतंय. जांभई दिली की खट्ट आवाज येतो, सकाळी जबडा आवळलेला असतो आणि कानशिलं ठणकतात. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, कानात काही निघालं नाही. मग दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं, ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि टीएमजेचा, म्हणजे जबड्याच्या सांध्याचा त्रास आहे असं सांगितलं. हाड ठीक आहे, स्नायू आखडलेत, सांध्यातली चकती पुढे सरकते आणि जागेवर येताना वाजते. झोपेत दात खाते हे मी सांगितल्यावर नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कव्हर करून दिलं.

तोंडात उभी दोन बोटं जेमतेम जातात, तीन जायला हवीत म्हणे. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून, बट्टी वरणात भिजवून पार लगदा करून, असं जेवण चाललंय. माझी आई रोज विचारते, "अजून दुखस का वं?" आणि तव्यावर कापड गरम करून शेक देते. खरं सांगायचं तर आतापर्यंत जास्त आराम त्यानेच पडलाय.

आता गावातल्या फिजिओथेरपिस्टने टेन्स, म्हणजे कातडीवरून विजेचे हलके झटके देणारं मशीन सुचवलंय. एकदा लावूनही पाहिलं. नाण्याएवढ्या चिकट पट्ट्या, एक कानापुढे आणि एक दात आवळल्यावर गालात जो स्नायू टणक होतो त्यावर. नॉब हळूहळू फिरवला तसतशा मुंग्या वाढत गेल्या. वीसेक मिनिटांनी उठली आणि चक्क मोठी जांभई दिली. रात्रीच्या जेवणापर्यंत मात्र पुन्हा जैसे थे.

दुसरीकडे, एका नातेवाइकाच्या आग्रहावरून मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. ते म्हणतात, आमच्या मशीनने स्नायू सैल करू, कॉम्प्युटरवर चावण्याची 'खरी' जागा शोधू आणि मग मागच्या सगळ्या दातांवर कॅप बसवून उंची वाढवू. आकडा लिहीत नाही, पण तेवढ्यात सेकंडहँड ट्रॅक्टर दारात उभा राहील.

टेन्सने दुखणं बरं होतं की नुसतं दबतं? घरी मशीन घेऊन वापरावं का? आणि त्या कॅपच्या प्रकरणाचं काय करू?

शिरपूरकर: राग मानू नका, पण सुपारी-गुटखा काही आहे का? आपल्याकडे तोंड कमी उघडत असेल तर आधी ते पाहावं लागतं. गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ झाली असेल तर तो सबम्युकस फायब्रोसिस, तिथे या पट्ट्यांचं काही काम नाही.

धागाकर्ता: नाही हो. बडीशेपसुद्धा मोजून खाते.

फिजिओताई_धुळे: टेन्स सांधा दुरुस्त करत नाही, चकतीही मागे ढकलत नाही. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, तोच प्रकार विजेने केलेला. स्पर्शाच्या नसा चेतवल्या की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत अडतो. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलेली ही गेट कंट्रोलची कल्पना. ८० ते १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके दिले की मुंग्या येतात आणि आराम लवकर पडतो, पण मशीन काढल्यावर फार टिकत नाही. २ ते ४ हर्ट्झला स्नायू टकटक उडतो, आराम यायला वेळ लागतो. म्हणून रात्री जैसे थे झालं याचं मला नवल वाटत नाही. दुखणं कमी असतं तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचे: जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडणं, फिजिओने हाताने सांधा मोकळा करणं, गालाच्या स्नायूतल्या गाठी दाबणं. नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील तर पैसे वाचवा.

घरी वापरायचं तर आधी एकदा नीट शिकून घ्या. पेसमेकर असेल तर अजिबात नको. फिट्स येत असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पट्टी गळ्यावर, डोळ्याजवळ किंवा जखमेवर लावायची नाही. पट्ट्या चिकटवताना मशीन बंद ठेवा. मुंग्या याव्यात, चटका बसू नये.

निवृत्त_दातवाला: त्या क्लिनिकचं मशीनही टेन्सच, पण अगदी कमी वारंवारतेचं, साधारण दीड सेकंदाला एक ठोका. बर्नार्ड जँकल्सन या अमेरिकन दंतवैद्याने १९६० च्या दशकात मायोमॉनिटर या नावाने ते आणलं. त्याने स्नायू सैल पडतात, तिथवर ठीक. भांडण पुढच्या उडीवर आहे: सैल जबडा जिथे थांबतो तीच चावण्याची खरी जागा, म्हणून दात घासा आणि कॅप बसवा. घासलेला दात परत उगवत नाही.

२०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडेदुखीवर शिफारशी आल्या. व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि ताण हाताळायला शिकवणारं समुपदेशन यांच्या बाजूने त्या ठाम आहेत. टेन्सला आणि काढ-घाल करायच्या गार्डलाही त्यात सौम्य नकार आहे. गार्ड मीही देत आलो, पण दात झिजू नयेत म्हणून, दुखणं जाईल असं वचन देऊन नव्हे. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर त्याच्या मागे लागू नका. जबडा अडकून बसला, सूज-ताप आला किंवा चेहरा बधिर वाटला तर मात्र लगेच तज्ज्ञाकडे. कॅपबद्दल दुसरं मत हवंच असेल तर संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा, फार लांब नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. कॅप बाद. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते व्यायाम मधल्या सुट्टीत करेन, फक्त पोरं नक्कल करतील. मशीन घ्यायचं की नाही ते फिजिओ ठरल्यावर बघू. आता एवढंच सांगा, अमळनेर, चोपडा, पारोळा, धुळे या पट्ट्यात जबड्यावर हाताने काम करणारं कुणी माहीत आहे का? गुडघे-कंबरवाले पुष्कळ आहेत, जबडा म्हटलं की मशीनकडे बोट दाखवतात. नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे दुपारनंतर कुठेही येऊ शकतो.