विजापूर अर्ध्या दिवसात: इब्राहिम रोजा आधी की गोल घुमट? मदत हवी आहे

येत्या रविवारी बेळगावहून रात्रीच्या बसनं विजापूरला पहाटे पोचतोय. दुपारी एकला सोलापूरची गाडी धरायचीच, संध्याकाळी तिथं साखरपुडा आहे. सोबत आई. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे गोल घुमटाचे सात मजले ती चढणार नाही, खाली बसेल. मला मात्र वर जायचंच आहे. वरच्या गोल सज्जात एका टोकाची कुजबुज पलीकडे ऐकू येते, पण शाळेच्या सहली येऊन आरडाओरडा सुरू झाला की ती कसली ऐकू येणार!

नकाशा बघितला. घुमट पूर्वेला, इब्राहिम रोजा (इब्राहिम आदिलशहाची कबर) पार पश्चिमेला तटाबाहेर, मुलूख मैदान तोफ त्याच वाटेवर. जामा मशीद, बाराकमान जमलं तर. आईला रोजाच्या भिंतींवरची कोरीव अक्षरं बघायची आहेत, तो सोडता येत नाही. बसस्टँडवर चौकशी केली, पण गाड्यांच्या वेळांपलीकडे काही कळलं नाही.

कन्नड येतं, रिक्षावाल्याशी बोलायची अडचण नाही. स्वतःची गाडी नाही, मुक्कामही नाही.

तर नुकतं जाऊन आलेल्यांनी सांगा: रविवारी घुमटात गर्दी साधारण किती वाजता वाढते? बसस्टँडवर दोन बॅगा ठेवायची सोय आहे का? आणि एवढ्या फेरीला अर्ध्या दिवसाची रिक्षा कितीला ठरते?